जमनीच्या तोंडावरचा उजेड

उमरखेडच्या बाजारात नानाजी गावंडे आभाळाकडं तोंड करून उभे दिसले की लोक हटकून विचारायचे, "काय नानाजी, येते का पाणी?" नानाजी शेतकऱ्याच्या पोटी जन्मले असले तरी पाण्यापावसाशी त्यांचं घेणंदेणं उरलं नव्हतं. ढग ते शोधत, पण ते उन्हावर ओढायला. भर वैशाखात सूर्यावर पातळसा ढग सरकला की या माणसाचा चेहरा असा खुलायचा, जणू गुप्तधन सापडलं. थोरल्या भावाच्या मते हा धाकटा वाया गेलेला होता. घरची पऱ्हाटीची शेती सोडून काळ्या फडक्यात डोकं खुपसून बसणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?

नानाजी फोटोग्राफर होते. अमरावतीला बाबुलाल नावाच्या फोटोग्राफरकडं ते काम शिकले. बाबुलालचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. "सूरज हमेशा अपनी पीठ पर, और गिऱ्हाईक सामने. बस!" हे वाक्य बाबुलालला शोभत होतं, कारण तो गृहस्थ जन्मात कधी स्टुडिओबाहेर पडला नाही. नानाजींना मात्र पोटासाठी उन्हात जावं लागे. उमरखेडात स्टुडिओत येऊन खुर्चीत बसणारी गिऱ्हाइकं किती असणार? बाकी सगळं लग्न, सत्कार, बैलजोडी आणि कधीमधी मयत. हे सगळं उघड्यावर.

आणि उघड्यावर ऊन नानाजींना हटकून चकवायचं. फोटोचा सगळा खेळ एकाच हिशेबावर असतो, भिंगाचं भोक किती उघडायचं आणि शटर किती वेळ. नानाजी त्याला एक्स्पोजर म्हणत, आणि घरात देवाचं नाव घ्यावं तसं दिवसातून दहादा म्हणत. उजेड जास्त आत गेला तर फोटो पांढराफटक, कमी गेला तर काळाकुट्ट. रोलच्या डबीत एक चिठ्ठी यायची, तिच्यात कडक ऊन, हलकं ऊन, सावली, असं सगळं मांडून दिलेलं असे. पण ती ज्यांनी लिहिली त्यांनी फुलसावंगीकडचं वैशाखातलं ऊन काही पाहिलेलं नव्हतं. इथली माणसं उन्हानं रापलेली, अंगावर पांढरंशुभ्र धोतर आणि डोक्यावर टोपी किंवा पटका, त्याची सावली बरोबर डोळ्यांवर. धोतर आलं की तोंड जायचं, तोंड आलं की धोतर जायचं. एका मळ्यातल्या सत्काराच्या फोटोत तर टोप्या तेवढ्या ठळक आल्या आणि टोप्यांखाली माणसंच नव्हती. त्या गावात नानाजी पुढं कित्येक महिने गेले नाहीत.

अशा माणसाकडं रुपीबाई आली.

बाजाराचा दिवस होता. फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यावरची ही बंजारा बाई, पन्नाशीला टेकलेली. अंगावर आरशांचा भरगच्च फेटिया, म्हणजे घागरा, डोक्यावर आरशांचीच ओढणी. ती स्टुडिओच्या दारात शिरली आणि तिच्या अंगावरचे कवडसे भिंतीभर नाचले. तिनं भिंतीवरचे फोटो एकेक करून पाहिले. पाहिले म्हणजे अगदी नाक टेकवून. मग विचारलं, "भाऊ, हे पुसते का कधी?"

"नीट ठेवले तं नाही पुसत," नानाजी म्हणाले.

"माणूस मेलं तरी?"

"मेलं तरी नाही पुसत, बाई."

रुपीबाई तिथंच खाली बसली. मग चोरीची कबुली द्यावी तसं खाली बघून म्हणाली, "माझी मोठी पोरगी होती, बसंती. सासरीच गेली, तापानं. मले खबर आली तवा सगळं होऊन गेलतं. मले तिची ओढणी आठोते. हातावरचं गोंदण आठोते. हसली का कसा आवाज येये, तो आठोते. तोंड नाही आठोत. सपनात येते तं पाठमोरी येते. माय हावो मी तिची, अन् मले तोंडच नाही आठोत."

लोक नानाजींकडं येत ते हौसेनं नाहीतर नाइलाजानं. असं कोणी आलं नव्हतं.

"आता धाकटीचं लगीन हाय," रुपीबाई म्हणाली. "जमनीचं. केळापुराकडं देल्ली, लई लांब. तिचं तोंड मले काढून द्या. हेबी गेलं तं मी काय करू?"

"मंग पोरीले अठीच घेऊन या ना. अठी उजेड माझ्या हातातला असते. भाईरच्या उजेडाचा काही भरोसा नाही."

पण ते होणार नव्हतं. लगीन ठरलेली पोर तांडा सोडून बाहेर जात नाही. तांड्याचा नाईक खेमसिंग तर फोटोचं नाव काढताच उखडला होता. रुपीबाईच्या नवऱ्यानं, नेमसिंगनं, त्याचे पाय धरले तेव्हा कुठं त्यानं एक सूट दिली. त्या तांड्यात नवरी सासरी निघते तेव्हा सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते, घुंगट मागं टाकते आणि दोन्ही हात वर करून रडत रडत निरोपाचं गाणं म्हणते. तेव्हा सगळा तांडा तिच्याकडं बघतच असतो. तेव्हा काढा, नाईक म्हणाला, आधी नाही अन् मंगही नाही.

नानाजींनी मनातल्या मनात हिशेब केला. केळापूर उगवतीला. म्हणजे बैलाचं तोंड उगवतीला. निरोप सकाळी. म्हणजे सकाळचं ऊन थेट पोरीच्या तोंडावर, आणि सूर्य आपल्या पाठीवर. बाबुलालनं स्वतः मांडणी केली असती तरी याहून बरी झाली नसती.

"येतो," ते म्हणाले.

ही अठ्ठावन्न सालची गोष्ट. तेव्हा परदेशी रोल मिळणं दुरापास्त झालं होतं. सरकारनं बाहेरून येणाऱ्या मालावर हात आखडता घेतला होता आणि नागपूरचा दुकानदार नानाजींसारख्या लहान गिऱ्हाइकाला दारातही उभा करत नव्हता. कॅमेऱ्यात एका रोलचं शेपूट तेवढं उरलं होतं. दोन-तीन फोटोंची जागा. ते शेपूट घेऊन नानाजी अर्धी वाट सर्व्हिस मोटारीनं आणि अर्धी वाट नेमसिंगच्या बंडीत बसून आदल्या संध्याकाळीच तांड्यावर पोचले. सकाळी उठून त्यांनी बैल उभा राहणार ती जागा पाहिली. ऊन मऊ होतं, लोण्यासारखं. त्यांनी कॅमेरा पुसला, भिंग पुसलं, परत पुसलं.

आणि मग म्हातारे भांडायला बसले.

कशावरून ते नानाजींना शेवटपर्यंत कळलं नाही. मानपानाचं काहीतरी होतं. पाहुण्यांकडचे म्हातारे आणि तांड्याचे म्हातारे लिंबाखाली समोरासमोर बसले आणि त्यांच्या गोर बोलीत असे काही सुरू झाले, की थांबायचं नावच घेईनात. नानाजी एकदा त्यांच्याकडं बघत, एकदा वर सूर्याकडं. सूर्य डोक्यावर आला. डोक्यावरून कलला. नानाजींनी नेमसिंगला दोनदा विचारलं. नेमसिंग मुळातच मुखदुर्बळ माणूस, तो दोन्ही वेळा म्हणाला, "होऊनच राह्यलं, भाऊ." वऱ्हाडात होऊनच राह्यलं याचा अर्थ अजून काहीच झालेलं नाही, हे नानाजींना ठाऊक होतं.

बैल आणला तेव्हा ऊन मावळतीकडं उतरलं होतं. बैलाचं तोंड उगवतीला, आणि सूर्य बरोबर त्याच्या शेपटीमागं. जमनी त्याच्या पाठीवर चढून उभी राहिली ती आभाळाला टेकून उभी राहिल्यासारखी. तिच्या मागं सगळा पेटलेला पश्चिमेचा उजेड, आणि पुढं नानाजी, डोळ्यांवर हात धरून.

सकाळचा सगळा हिशेब उलटा झाला होता. नानाजी धावत खेमसिंगकडं गेले. "नाईक, बैल जरासा फिरवा. नुसता आडवा करा. मग पुन्हा सरळ करा."

भोवतालच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. खेमसिंग म्हणाला, "बैलाचं तोंड माघारी करता? पोरगी माघारी येऊन बसन ना आमच्या उरावर."

"माघारी नाही, आडवा."

"सासरचा रस्ता एकच असते. बैल त्याच रस्त्याकडं पाहीन."

नानाजी मागं गेले तर पोरीची पाठ. बाजूला गेले तर बायकांची ही दाटी, एकमेकींच्या गळ्यात पडून रडणाऱ्या, त्यांना हलवणार कोण? उरली फक्त समोरची जागा. भिंगाचं तोंड सूर्याकडं. हात टोपीसारखा भिंगावर धरून नानाजींनी कॅमेरा उघडला. अशा वेळी काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आभाळ विसरायचं, तोंडाचा विचार करायचा, भिंग दुप्पट-चौपट उघडायचं. त्यांनी ते उघडलंही.

तेवढ्यात जमनीनं घुंगट मागं टाकला, हात वर केले आणि गाण्याचा पहिला टाहो फोडला. बैल हलला आणि पहिला फोटो हवेत गेला. दुसऱ्याला कुणाचा तरी हात आडवा आला. आता शेवटची जागा. नानाजींनी बघितलं, आणि त्यांना दिसलं की जमनीचं तोंड उजळलंय. खरंच उजळलं होतं. तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्याकडं तोंड करून रडणाऱ्या सगळ्या बायकांच्या ओढण्यांवर, कांचळ्यांवर मावळतीचं ऊन पडत होतं आणि शेकडो आरशांतून उलटून तिच्या तोंडावर जात होतं. कवडसे तिच्या गालांवर, कपाळावर, ओल्या डोळ्यांवर नुसते धावत होते. नानाजींना वाटलं, देव पावला. एवढा उजेड आहे तर इतकं उघडं भिंग कशाला? तोंड पांढरं पडेल. उघडलेलं भिंग त्यांनी स्वतःच्या हातानं परत बारीक केलं, आणि शटर दाबलं.

जमनी गेली. रुपीबाई रस्त्याकडं बघत होती. मग तिनं नानाजींकडं बघितलं. "आली का?"

"आली," नानाजी म्हणाले.

उमरखेडला येऊन त्यांनी रोल धुतला तेव्हा काय झालं ते त्यांना एका नजरेत कळलं. कवडसे धावत होते. डोळ्याला ते सगळे मिळून उजेड वाटले, कारण डोळा मागचं-पुढचं जोडून घेतो. कॅमेऱ्याला जोडता येत नाही. त्याच्या एका पापणीत जे कवडसे जिथं होते तेवढेच आले, आणि त्यांच्या मधलं सगळं तोंड अंधारात राहिलं. निगेटिव्हवर जमनीच्या तोंडाची जागा काचेसारखी कोरी होती. नानाजींनी सगळं करून पाहिलं. कडक कागद घेतला, फिका काढला, गडद काढला. पण जिथं काही उमटलंच नाही तिथून काढणार काय? कागदावर एक काळी पोर आली, हात वर केलेली, कडेनं सोन्याची रेघ ओढल्यासारखी. तोंडाच्या जागी काळोख आणि त्यात तांदळाचे दाणे फेकावेत तसे पांढरे ठिपके.

हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर तो फोटो पाहून वेडे व्हायचे बाकी राहिले. "नानाजी, अहो ही कला आहे! हे नागपूरच्या प्रदर्शनात पाठवा!" नानाजींना त्या क्षणी मास्तरांना फोटो धुवायच्या हायपोच्या घमेल्यात बुचकळावंसं वाटलं.

रुपीबाई पुढच्या बाजाराला आली. तिनं फोटो हातात घेतला, दारात उजेडाकडं धरला, उलटा करून पाहिला.

"तोंड कुठी हाय?"

नानाजींनी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला. मागून ऊन, पुढं सावली, कवडसे. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "पण उजेड तं तिच्या तोंडावरच होता. म्या पाह्यला ना. सगळ्या तांड्यानं पाह्यला."

"म्या बी पाह्यला, बाई."

"मंग तुमच्या डब्याले कसा नाही दिसला?"

याला उत्तर होतं, पण ते तिला पटणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नानाजींनाही पटत नव्हतं. रुपीबाईनं फोटो ओढणीच्या पदरात बांधला. जाता जाता उलट तिनंच त्यांची समजूत घातली. "असू द्या, भाऊ. जमनीचं तोंड तं मले असं दिसते, समोर उभी असल्यासारखं. बैलावरचं. ते नाही जात कुठी. माहेराले आली का तुमाले बोलावतो, तवा नीट काढा."

त्या दिवसापासून नानाजींना झपाटल्यासारखं झालं. स्टुडिओच्या मागच्या अंगाची, सकाळभर सावलीत राहणारी भिंत त्यांनी चुन्यानं पांढरी करून घेतली. तिच्यासमोर बायकोला, इंदुताईंना, ओढणीसारखं पातळ पांघरवून बसवायचं आणि उजेड बघत राहायचं. इंदुताईंचं भाजीचं तेल करपायचं. "अहो, माझं तोंड तुमाले लग्नात दिसलं नोतं काय, आता इतलं पाहून राह्यले?" असं त्या म्हणत, पण बसत. रोल नसले तरी बघायला पैसे पडत नव्हते. बघता बघता नानाजींना एक गोष्ट उमगली. माणसाच्या तोंडाजवळ आपला तळहात, तोंड जिकडं तिकडंच वळवून, धरायचा आणि आजूबाजूला न बघता फक्त तळहातावरचा उजेड बघायचा. आभाळ फसवतं, पांढरं धोतर फसवतं, आरसे तर फसवायलाच बसलेले, तळहात फसवत नाही. उन्हात न्यायचंच नाही माणसाला. घराच्या सावलीत, पण वर मोकळं आभाळ हवं, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीनं हळूच उजेड द्यावा. एकसष्ट साल उजाडेपर्यंत असं झालं की तळहात बघून नानाजी आकडा सांगत आणि तो चुकत नसे. लोकांची धोतरं आणि तोंडं एकाच फोटोत यायला लागली. ज्या गावात टोप्यांचा प्रकार झाला होता तिथूनही बोलावणं आलं. नानाजींना त्याचं फारसं कौतुक वाटलं नाही. ते वाट बघत होते ती दुसऱ्याच बोलावण्याची.

रुपीबाई बाजाराला आली की दारातूनच मान हलवायची. "नाही आली अजून." एका पावसाळ्यात ती म्हणाली, केळापुराकडं देवीची साथ आलीय. नंतर म्हणाली, जमनीलाही आल्या, पण वाचली. नानाजींनी मनापासून हात जोडले.

पौषात नेमसिंग स्वतः आला. "पोरगी आली. रुपीनं बोलावलं."

या खेपेला कॅमेऱ्यात आख्खा रोल होता. नानाजी तांड्यावर पोचले त्या सकाळी आभाळावर दुधाच्या सायीसारखा पातळ ढग पसरला होता. रुपीबाईच्या घराला तिनं मुद्दाम पांढरी माती सारवली होती. समोर दुसऱ्या घराची तशीच पांढरी भिंत. दोन्हींच्या मधली ती सावलीची पट्टी नानाजींनी पाहिली आणि त्यांना भरून आलं. असा उजेड माणसाला आयुष्यात एखाद्या वेळी मिळतो. इथं चुकायचं म्हटलं तरी चुकता आलं नसतं.

जमनी खाटेवर बसली होती. रुपीबाई घरात दागिन्यांची गाठ सोडत होती.

देवीनं जमनीच्या तोंडावर काही ठेवलं नव्हतं. गाल, कपाळ, नाक, सगळीकडं खोल वण. उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा आलेला. बैलावर हात वर करून उभी राहिलेली पोर हीच, हे नानाजींना तिच्या आवाजावरून पटलं, ती बोलली तेव्हा.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली. आईनं भाऊ म्हटलेला माणूस तिचा मामाच. "हा फोटो येऊ नका देऊ."

नानाजींना वाटलं ती लाजतेय. ते घाईघाईनं म्हणाले, "अवं, मी पेन्सिलीनं भरून देईन ना सगळं. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवली का वण दिसत नाही. डोयाबी करून देतो."

"मंग ती मी नसन."

हे खरंच होतं.

"माय रोज मले पाह्यते ते ठीक हाय," जमनी म्हणाली. "मी परवा चालली. मी गेली का तिले माझं पह्यलं तोंड आठोन. लग्नाच्या दिवशीचं. ती सगळ्याइले सांगते, मले जमनी बैलावर उभी दिसते म्हून. तुमी हे भिंतीवर लावलं का ते पुसून जाईन. मंग मी मेली तरी माय हेच पाहीन. तेवढं एक चांगलं तोंड माझं राह्यलं हाय, मायच्या डोयात. ते राहू द्या, मामा."

नानाजींनी हे पुष्कळ घरांत पाहिलं होतं. भिंतीवर फोटो लागला की माणसं हळूहळू माणूस विसरतात आणि फोटो आठवतात. जमनीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ती चुकीचं बोलत नव्हती. मग त्यांच्या मनात आलं, नीट फोटो काढावा आणि स्वतःजवळ लपवून ठेवावा. दुसऱ्याच क्षणाला त्यांनी तो विचार टाकला. ते स्वतःला ओळखून होते. रुपीबाई दारात येऊन उभी राहिली की तो फोटो त्यांच्या हातून निघाल्याशिवाय राहिला नसता.

"तुही माय मले काय म्हणन?" ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच रडका वाटला.

"म्हणू द्या."

रुपीबाई बाहेर आली. तिनं पोरीच्या केसांना तेल लावलं, गालांवर चांदीच्या घुगऱ्या सोडल्या, ओढणी सारखी केली, दोन पावलं मागं जाऊन पाहिलं, परत येऊन सारखी केली. वणांवरून तिची बोटं अशी फिरली जणू तिथं काही नाहीच. "भाऊकडं पाह्य," ती म्हणाली. जमनीनं भिंगाकडं पाहिलं. एका डोळ्यानं.

नानाजींनी सवयीनं तिच्या गालाजवळ तळहात धरला. आकडा आपोआप मनात उभा राहिला. नेमका, स्वच्छ, तीन वर्षांच्या कष्टाचा. त्यांनी भिंगाचं भोक जितकं मिटतं तितकं मिटलं, शटर जितकं जलद जातं तितकं लावलं आणि दाबलं. परत दाबलं. आख्खा रोल त्यांनी तसा काढला, कारण एकदोनच काढले असते तर रुपीबाईनं अजून काढा म्हटलं असतं. मधेच एकदा त्यांच्या अंगठ्यानं भिंग उघडायला घेतलं होतं. त्यांनी अंगठा काढून घेतला.

"आली का?" रुपीबाईनं विचारलं.

"पाहू," नानाजी म्हणाले.

पुढचे कितीतरी बाजार ते रुपीबाईला चुकवत राहिले. कधी नांदेडला गेलो म्हणाले, कधी औषध संपलं म्हणाले, कधी इंदुताईंनाच दारात बसवलं. होळी होऊन गेली. शेवटी एका बाजारी ती आली आणि हलली नाही. नानाजी पुढं आले.

"रोल खराब निघाला, बाई. काहीच आलं नाही. सगळं काळं."

ती रागावेल, चार माणसं गोळा करील, तांड्यावर आपली छीथू होईल, याची त्यांनी तयारी ठेवली होती. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. रुपीबाई नुसती उंबऱ्यावर बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "म्या तुमच्याशी खोटं बोलली व्हती. बैलावरची जमनी दिसते म्हून. तिले बी तेच सांगतलं, सगळ्याइले तेच सांगतलं. ती गेली त्याच दिवाळीले ते तोंड निंघून गेलतं. बसंतीसारखंच. लई जोर करून पाह्यला, आलंच नाही परत. मंग ती आली, देवीचे वण घेऊन. म्या दुसऱ्या बायाइसारखी रडली नाही, भाऊ. मले वाटलं, असं तोंड कोणी इसरू नाही शकत. हे राहीन. तरी म्हटलं, फोटो असू द्यावा. अन् आता तीन महिनेबी नाही झाले, तं वण कुठी होते ते आठोते, त्याच्यामंधली पोरगी नाही आठोत."

नानाजींनी खरं सांगावं तर पोरीचं मागणं मोडायचं, आणि सांगून हाती येणार काय? जमनी केळापुराकडं होती, आणि बाळंतपणाशिवाय आता पाठवत नाही असा निरोप सासरनं धाडला होता.

रुपीबाईनं मान वर केली. "तुमी तं तिले डब्यातून पाह्यलं. जवळून. किती येळ पाह्यलं. तुमाले याद असन. मले सांगा ना, कशी दिसे?"

नानाजींनी डोळे मिटले. त्यांना ती सकाळ स्पष्ट दिसली. वरचा पातळ ढग, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून येऊन डाव्या गालावर पसरलेला मऊ उजेड, उजवीकडं जरा कमी. आपला तळहात दिसला आणि त्याच्यावर पडलेला उजेड. आकडा आठवला. त्यांनी पुन्हा पुन्हा त्या उजेडाच्या मागं बघायचा प्रयत्न केला. ती त्यांना काय म्हणाली ते शब्दनशब्द ऐकू आलं. तिचं तोंड आलं नाही.

"उजेड लई चांगला होता, बाई," ते म्हणाले.

रुपीबाई आणखी काही येईल म्हणून थोडा वेळ थांबली. मग तांड्याकडं जाणारी बंडी निघायची वेळ झाली, म्हणून उठून गेली.